‘हेवी’ या इंग्रजी विशेषणाचे साहचर्य : एक विचार

१

परभाषेचे व्याकरण आत्मसात झाले आणि तिचा शब्दसंग्रहही पुरेसा जमला, तरी त्या भाषेत लिहिणाऱ्याचे वाक्य तिच्या जाणत्या वाचकाला कोठेतरी खटकत राहते. चूक दाखवावयास जावे, तर व्याकरणाचा नियम मोडलेला नसतो आणि शब्दाचा कोशगत अर्थही चुकलेला नसतो. ‘काल जोराचा पाऊस पडला’ या वाक्याचे इंग्रजी रूपांतर करताना मराठी विद्यार्थी ‘स्ट्राँग रेन’ लिहितो. परीक्षक ते खोडून ‘हेवी रेन’ करतो. विद्यार्थ्याने ‘असे का?’ म्हणून विचारलेच, तर ‘इंग्रजीत तसे म्हणतात’ यापलीकडे उत्तर बहुधा मिळत नाही. हे उत्तर खोटे नाही. परंतु ज्याला पुढे शंभर वेळा असाच निर्णय स्वतः घ्यावयाचा आहे, त्याच्या हाती ते काहीच देत नाही.

शब्दांच्या अशा रूढ जोडीला भाषाशास्त्रात शब्दसाहचर्य म्हणतात. ते केवळ रूढीचा भाग आहे, की त्यामागे अर्थाची काही व्यवस्था आहे, हा या विवेचनाचा प्रश्न होय. तो सामान्यपणे न चर्चिता ‘हेवी’ या एकाच विशेषणापुरता येथे तपासला आहे. हा शब्द अगदी साधा आणि नित्याच्या वापरातला आहे. त्याचा ‘जड’ हा मूळ अर्थ शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. आणि तरीही पाऊस, वाहतूक, दंड, नुकसान, झोप, धूम्रपान, अंतःकरण अशा परस्परांशी काहीही नाते नसलेल्या गोष्टींशी तो जोडला जातो. त्याच्या या संयोगांतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की ‘हेवी’ हा शब्द नुसते आधिक्य सांगत नाही. आधिक्याचा जो भार दुसऱ्या कशावर तरी पडतो, तो सांगतो. दुसरा असा, की तो भार कोणत्या प्रकारचा, हे विशेषण ठरवीत नसून विशेष्यात दडलेली क्रिया ठरविते.

२

या विषयाच्या अभ्यासाचा इतिहास पाहता एक गोष्ट ध्यानात येते. साहचर्याचा प्रश्न इंग्रजीच्या मायभूमीपेक्षा तिच्या बाहेर, परभाषकांना इंग्रजी शिकविणाऱ्यांना, अधिक तीव्रतेने जाणवला. हॅरल्ड पामर यांनी इंग्रजीतील रूढ शब्दबंधांविषयीचे आपले प्रसिद्ध प्रतिवृत्त १९३३ साली तोक्यो येथून प्रकाशित केले. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांचा विद्यार्थ्यांसाठी रचलेला इंग्रजी कोशही प्रथम १९४२ साली जपानातच छापला गेला आणि पुढे १९४८ साली ऑक्सफर्डच्या मुद्रेने जगभर गेला. साहचर्याला भाषाशास्त्रीय सिद्धान्ताचे स्थान मिळवून देणारे जे. आर. फर्थ हेही लंडनला स्थिरावण्यापूर्वी अनेक वर्षे लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ज्याला भाषा जन्मतः लाभली, त्याला ‘हेवी रेन’ यात आश्चर्य करण्याजोगे काही दिसत नाही. ज्याला ती कमवावी लागते, त्यालाच तेथे ठेच लागते. म्हणून परभाषकाची अडचण ही या क्षेत्रात उणीव नसून निरीक्षणाची जागा आहे.

फर्थ यांचे प्रतिपादन थोडक्यात असे, की शब्दाच्या अर्थाचा एक भाग त्याच्या सोबत्यांत असतो; शब्द ज्यांच्या संगतीत वावरतो, त्यांच्यावरून त्याची ओळख पटते. १९५१ च्या निबंधात त्यांनी अर्थाच्या अनेक पातळ्या मानल्या आणि साहचर्य ही त्यांतील एक स्वतंत्र पातळी ठरविली. त्यांचे शिष्य एम. ए. के. हॅलिडे यांनी १९६६ साली हाच विचार पुढे नेला. कडक चहाला इंग्रजीत ‘स्ट्राँग’ म्हणतात, ‘पॉवरफुल’ म्हणत नाहीत. ताकदवान मोटारीला ‘पॉवरफुल’ म्हणतात, ‘स्ट्राँग’ म्हणत नाहीत. युक्तिवादाला मात्र दोन्ही शब्द चालतात. या भेदाचे कारण व्याकरणात सापडत नाही, म्हणून शब्दसंग्रहाला स्वतःची निराळी व्यवस्था आहे, असे हॅलिडे यांचे म्हणणे. पुढे जॉन सिंक्लेअर यांनी बर्मिंगहॅम येथे यंत्रगणकाच्या साहाय्याने प्रत्यक्ष वापरातील इंग्रजीचा प्रचंड संग्रह तपासला. त्यातून १९८७ साली ‘कोबिल्ड’ कोश निघाला. बोलणारा प्रत्येक शब्द सुटा निवडीत नाही, बरेचसे शब्द तो बांधलेल्या जुड्यांनीच उचलतो, हा सिंक्लेअर यांचा निष्कर्ष आज बहुतांशी मान्य झालेला आहे.

या परंपरेने केलेले कार्य मोठे आहे. तथापि तिच्यात एक उणीव राहिली. सोबत्यांची नोंद जसजशी बिनचूक होत गेली, तसतसा ती सोबत का जमली हा प्रश्न मागे पडला. ‘हेवी’ शब्दाजवळ ‘रेन’ वारंवार येतो, हे गणनेने सिद्ध होते. ‘विंड’ त्याच्याजवळ सहसा येत नाही, हेही सिद्ध होते. परंतु गणना तेथेच थांबते. मॉस्कोतील झोल्कोव्स्की आणि मेलचूक यांनी १९६० नंतरच्या दशकात मांडलेल्या पद्धतीत तीव्रता दाखविणाऱ्या सर्व विशेषणांना एकच चिन्ह दिले आहे : पाऊस, धूम्रपान, झोप, आघात यांपैकी कोणतेही नाम घ्यावे, त्या चिन्हाची क्रिया केली की त्या नामाचे रूढ तीव्रतादर्शक विशेषण मिळते. अनुवादाच्या यंत्रासाठी ही युक्ती फार उपयोगाची आहे. पण तिने भेद झाकला जातो. जोराच्या पावसात प्रमाण आहे, गाढ झोपेत खोली आहे, जबर आघातात जोर आहे. तिन्हींना ‘तीव्रता’ म्हणून मोकळे झाल्यावर तेथे इंग्रजीने ‘हेवी’ हाच शब्द का पसंत केला, हे कळण्याचा मार्ग बंद होतो.

३

तो मार्ग मोकळा करावयाचा, तर ‘हेवी’ कोठे चालतो याबरोबर कोठे चालत नाही हे पाहिले पाहिजे. ऋतुमानाच्या शब्दांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इंग्रजीत पाऊस, हिमवर्षाव, दव आणि हिमकणांचा थर या सर्वांना ‘हेवी’ हे विशेषण लागते. वाऱ्याला ते सहसा लागत नाही. वारा ‘स्ट्राँग’ किंवा ‘हाय’ असतो. उन्हालाही ते लागत नाही. पहिल्या गटातील सर्व गोष्टी कशावर तरी साठतात. वारा वाहतो, पण साठत नाही. जे साठते त्याचे ओझे होते, आणि ज्याचे ओझे होते त्याला ‘हेवी’ म्हणावयाचे, हा विचार येथे स्पष्ट दिसतो. जुन्या इंग्रज नाविकांच्या प्रवासवृत्तांत वादळाला ‘हेवी गेल’ म्हटलेले आढळते. हा अपवाद वाटतो, पण नियमाला धरूनच आहे. कारण तेथे बोलणारा जहाजावर असतो, आणि वाऱ्याबरोबर समुद्राचे पाणी त्याच्या जहाजावर येऊन कोसळते. खवळलेल्या समुद्रालाही नाविक ‘हेवी सी’ म्हणतात, ते याच जाणिवेने.

निसर्गाकडून व्यवहाराकडे वळल्यावर हीच कल्पना कायम राहते. दंड ‘हेवी’ असतो, कर ‘हेवी’ असतात, नुकसान आणि पराभव ‘हेवी’ असतात. बक्षीस मात्र सहसा ‘हेवी’ नसते. विजय तर नसतोच. पराभवाला जे विशेषण सहज लागते, ते विजयाला लागू नये, याचे स्पष्टीकरण तीव्रतेच्या सामान्य कल्पनेने होत नाही. दोन्हींत तीव्रता सारखीच असू शकते. भार मात्र हरणाऱ्यावरच पडतो. टीका ‘हेवी’ असू शकते. स्तुती बहुधा ‘हाय’ असते. वाहतुकीला ‘हेवी’ म्हणतात तेव्हा गाड्यांच्या संख्येबरोबर रस्त्यावर पडणारा ताणही बोलणाऱ्याच्या मनात असतो. मागणीला ‘हेवी’ म्हणतात तेव्हा पुरवठ्यावर येणारा ताण अभिप्रेत असतो. फळांच्या भरघोस बहराला ‘हेवी क्रॉप’ म्हणतात. ही गोष्ट सुखाची असली तरी वाकलेली फांदी तेथे डोळ्यांपुढे आहेच.

‘स्ट्राँग’ या शेजारच्या विशेषणाशी तुलना केली म्हणजे हा भेद अधिक उठून दिसतो. ‘स्ट्राँग’ हा शब्द वस्तूच्या अंगच्या बळाविषयी बोलतो : वारा, प्रवाह, वास, चहा. ‘हेवी’ हा शब्द त्या वस्तूचा आघात किंवा ओझे ज्याला सोसावे लागते, त्याच्या बाजूने बोलतो. काही नामांना दोन्ही विशेषणे लागतात. परक्या उच्चाराची छटा ‘स्ट्राँग’ही असते आणि ‘हेवी’ही असते. पहिल्या प्रयोगात ती छटा ठळक आहे एवढेच सूचित होते. दुसऱ्यात ऐकणाऱ्याला समजून घेण्याचे श्रम पडतात, अशी सूचना बहुधा असते. मद्यप्याविषयी ‘हार्ड’ आणि ‘हेवी’ ही दोन्ही विशेषणे रूढ आहेत. पण मेहनती माणूस मात्र ‘हार्ड’च असतो, ‘हेवी’ नसतो. असे जोडशब्द विद्यार्थ्याने शेजारी ठेवून पाहिले, तर पाठांतराने जे साधत नाही ते तुलनेने साधते.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. हे स्पष्टीकरण मागाहून पटणारे आहे. भाकीत करणारे नाही. भाराची कल्पना ध्यानात आल्याने ‘हेवी’चा प्रत्येक रूढ संयोग समजतो, परंतु भाराची कल्पना जेथे जेथे संभवते तेथे तेथे इंग्रजी ‘हेवी’ योजीलच, असे नाही. दुष्काळ लोकांवर भार घालतो, आजार शरीरावर घालतो. पण त्यांना इंग्रजीत ‘सिव्हिअर’ म्हणतात. रूढीने अर्थाची वाट सोडलेली नाही; त्या वाटेवरच्या कोणत्या घरी थांबावयाचे, हे मात्र तिने स्वतःच्या मर्जीने ठरविले आहे. फर्थ यांच्या संप्रदायाचे म्हणणे या दुसऱ्या अर्ध्यापुरते खरे आहे.

४

आता अधिक अवघड अशा संयोगांकडे वळावयाचे आहे. ‘हेवी स्मोकर’ या शब्दबंधाचा अर्थ वजनदार माणूस असा होत नाही; पुष्कळ धूम्रपान करणारा, असा होतो. विशेषण व्याकरणदृष्ट्या माणसाला लागले आहे. अर्थदृष्ट्या ते त्याच्या कृतीला लागले आहे.

मराठी व्याकरणात विशेषणाचे स्थानावरून दोन प्रकार मानतात : विशेष्यापूर्वी येणारे अधिविशेषण आणि विशेष्यानंतर येऊन विधान पुरे करणारे विधिविशेषण. ‘पांढरा घोडा’ आणि ‘घोडा पांढरा आहे’ यांत अर्थ बदलत नाही. ‘हेवी रेन’ याचेही असेच आहे. पाऊस ‘हेवी’ होता, असे इंग्रजीत खुशाल म्हणता येते. परंतु धूम्रपान करणारा ‘हेवी’ आहे असे म्हटल्याबरोबर बोलणे त्याच्या वजनाविषयी होते. तत्त्वज्ञ पीटर गीच यांनी १९५६ साली दाखवून दिले, की मोठी पिसू ही पिसू असते, पण तेवढ्यावरून ती ‘मोठी’ असे सुटे विधान निघत नाही. काही विशेषणे आपल्या नामापासून तोडताच येत नाहीत. ड्वाइट बोलिंजर यांनी १९६७ साली हाच मुद्दा इंग्रजीच्या व्याकरणात आणला. अधिविशेषण हे विधिविशेषणापासूनच निघाले, असे मानणाऱ्या तत्कालीन मताला त्यांनी हरकत घेतली आणि विशेषण कधी नामाने दर्शविलेल्या व्यक्तीला लागते, तर कधी त्या व्यक्तीला ते नाम ज्या कारणाने मिळाले त्या कारणालाच लागते, असा भेद केला. ‘हेवी स्मोकर’ हा दुसऱ्या प्रकारचा प्रयोग होय.

बोलिंजर यांचा भेद अचूक आहे. मात्र या प्रकारात इंग्रजीला विशेषण का वापरावे लागते, याचे कारण मराठीच्या तुलनेने अधिक स्पष्ट होते. ‘ओढणारा’, ‘झोपणारा’, ‘गाणारा’ ही मराठीतील धातुसाधिते नामासारखी चालली, तरी आपले क्रियापदपण सोडीत नाहीत. त्यांना कर्म घेता येते आणि क्रियाविशेषणही घेता येते. म्हणून ‘खूप विड्या ओढणारा’, ‘गाढ झोपणारा’ हे प्रयोग सरळ होतात. इंग्रजीतील ‘स्मोकर’ हा शब्द मात्र पुरता नाम झालेला आहे. त्याच्यापूर्वी क्रियाविशेषण उभे राहू शकत नाही. ‘पुष्कळ’ हा अर्थ तर क्रियेलाच जोडावयाचा आहे. तेव्हा क्रियाविशेषणाला विशेषणाचा पोशाख चढवून नामाच्या दारी उभे केले जाते. मराठीतही जेथे शब्द पुरता नाम झाला आहे, तेथे हीच पाळी येते : ‘अट्टल दारुडा’, ‘गाढा पंडित’. ‘अट्टल’ हा शब्द माणसाच्या रंगरूपाविषयी नाही आणि ‘गाढा’ हा त्याच्या देहाविषयी नाही. ‘सुंदर गाणारी मुलगी’ या शब्दबंधात तर दोन्ही वाटा उघड्या राहतात. सुंदर कोण, मुलगी की गाणे, हे बोलणाऱ्याच्या विरामावरून ठरते.

या वर्गात ‘हेवी’ कोणत्या क्रिया पसंत करतो, हेही पाहण्याजोगे आहे. पिणारा, धूम्रपान करणारा, जुगार खेळणारा, कर्ज काढणारा, वापर करणारा, हे सर्व ‘हेवी’ असू शकतात. गाणारा, पोहणारा, शिकविणारा या अर्थाने ‘हेवी’ असत नाही. पहिल्या गटातील क्रियांत काहीतरी खर्ची पडते किंवा पोटात जाते आणि त्याचे प्रमाण मोजता येते. दुसऱ्या गटातील क्रिया कौशल्याच्या आहेत, त्यांचे प्रमाण साठत नाही. मराठीत दुसऱ्या गटाला ‘पट्टीचा’ हे विशेषण शोभते : पट्टीचा गवई, पट्टीचा पोहणारा. ‘अट्टल’ आणि ‘पट्टीचा’ यांत मराठीने जी वाटणी केली आहे, तीच इंग्रजीने ‘हेवी’ आणि ‘गुड’ किंवा ‘ग्रेट’ यांत केली आहे. भाषा निराळ्या असल्या तरी सीमारेषा जवळजवळ एकाच ठिकाणी पडावी, ही गोष्ट साहचर्य सर्वस्वी यदृच्छ नसल्याचे प्रमाण होय.

‘हेवी स्लीपर’ हा मात्र वेगळा प्रयोग आहे. त्याचा अर्थ फार वेळ झोपणारा असा होत नाही. सहजासहजी जाग न येणारा, असा होतो. येथे प्रमाण नाही, खोली आहे. विशेषण तेच, शब्दाची घडण तीच, तरीही अर्थ बदलला, कारण आतली क्रिया बदलली. झोपलेल्या देहाला येणारे जडपण सर्वांच्या अनुभवाचे आहे. भाराची कल्पना येथेही आहे, पण ती मोजमापाच्या मार्गाने आलेली नाही, शरीराच्या जाणिवेतून आलेली आहे.

अशा भेदांची परीक्षा विरुद्धार्थाने उत्तम होते. पाऊस, वाहतूक, धूम्रपान करणारा आणि झोपणारा यांच्या बाबतीत ‘हेवी’चा विरुद्धार्थी ‘लाइट’ आहे. उच्चाराची छटा किंवा सर्दी यांच्या बाबतीत तो ‘स्लाइट’ होतो. खवळलेल्या समुद्राच्या बाबतीत ‘काम’ म्हणजे शांत, असा होतो. एकाच विशेषणाला नामागणिक निराळा प्रतिपक्ष मिळतो, याचा अर्थ ते विशेषण प्रत्येक ठिकाणी निराळे काम करीत आहे. विद्यार्थ्याने ‘याचा अर्थ काय?’ याऐवजी ‘याच्या उलट काय?’ असे विचारले, तर अर्थाची विभागणी कोशाच्या मदतीवाचूनही बरीचशी हाती येते.

५

क्रियापदांबरोबर ‘हेवी’ दोन रूपांनी येतो. पहिले रूप ‘हेविली’ हे क्रियाविशेषण. त्याच्या वापरातही दोन थर आहेत. बसणे, पडणे, टेकणे, श्वास घेणे या शारीरिक क्रियांबरोबर ते जडपणाने, धापा टाकीत, असा इंद्रियगम्य अर्थ देते. पाऊस पडणे, पिणे, रक्तस्राव होणे, कर्ज काढणे, गुंतवणूक करणे, अवलंबून राहणे या क्रियांबरोबर ते प्रमाण दाखविते. दुसऱ्या थरातील क्रियापदांचे नाम केले, की त्यांतील बहुतेकांचे क्रियाविशेषण ‘हेवी’ होऊन त्या नामापुढे येते : गुंतवणूक, रक्तस्राव, अवलंबन या तिन्हींना ते लागते. म्हणून क्रियापदाचे आणि नामाचे साहचर्य ही दोन वेगळी प्रकरणे नव्हेत. विद्यार्थ्याने एक जोडी नीट शिकली, तर दुसरी बहुधा तिच्याबरोबर येते. पहिल्या थरात असे रूपांतर मोकळेपणाने होत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरे रूप म्हणजे क्रियापदानंतर येणारे मूळ विशेषण. वेळ ‘हँग्ज हेवी’, अपराधाची जाणीव मनावर ‘लाइज हेवी’, जबाबदारी ‘वेज हेवी’. यांपैकी शेवटच्या क्रियापदाबरोबर ‘हेविली’ही चालते, पहिल्या दोहोंत विशेषणाचे रूपच अधिक रूढ आहे. लोंबणे आणि पडून राहणे या क्रिया कशा घडतात, हे येथे सांगावयाचे नसते. लोंबणारी किंवा पडून राहिलेली गोष्ट कशी वाटते, हे सांगावयाचे असते. म्हणजे मराठी परिभाषेत हे क्रियाविशेषण नव्हे, विधिविशेषण होय. तिन्ही क्रियापदे ओझ्याच्या दृश्यातलीच आहेत, ही गोष्ट भाराच्या कल्पनेला पुष्टी देते. मराठीत याच प्रसंगी ‘वेळ जाता जात नाही’ असे म्हणतात. इंग्रजीने वेळेचे ओझे केले, मराठीने तिला न हलणाऱ्या पाहुण्यासारखे बसविले.

काही प्रयोग गोठून म्हणींच्या पायरीला पोहोचले आहेत. एखादे पुस्तक वाचावयास कठीण गेले, तर ते ‘हेवी गोइंग’ होते, असे म्हणतात. ‘गोइंग’ म्हणजे घोडदौडीच्या दृष्टीने जमिनीची अवस्था. चिखलात घोड्याचे पाय रुततात, ती जमीन ‘हेवी’. क्षुल्लक कामाचा बाऊ करण्याला ‘हेवी वेदर’ करणे म्हणतात, ते समुद्रावरून आले. या प्रयोगांची उपपत्ती कळल्याने ते लक्षात राहतात. पण त्यांतील एकही शब्द बदलता येत नाही, म्हणून त्यांना साहचर्यापासून वेगळे ठेवणे इष्ट.

६

येथवरचे विवेचन ध्यानात घेऊन ‘हेवी म्हणजे जड, भारी’ या रूढ समीकरणाकडे पाहिले, तर त्याची अपूर्णता दिसून येते. ‘जड’ हा शब्द ‘हेवी’बरोबर काही अंतर चालतो. जड अंतःकरण, जड पावले, जड झालेले डोळे, पचावयास जड अन्न, या सर्व ठिकाणी दोन्ही भाषांचे शब्द समान आहेत. एवढेच नव्हे, तर ‘हेवी गोइंग’ आणि ‘जड जाणे’ यांची घडणही आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे. परंतु पाऊस, वाहतूक, दंड आणि धूम्रपान करणारा येथे ‘जड’ साफ थांबतो. विभागणी स्पष्ट आहे : भार शरीराला किंवा मनाला प्रत्यक्ष जाणवतो तेथपर्यंत ‘जड’ जातो; भाराचे प्रमाण होऊन त्याची मोजणी सुरू झाली की इंग्रजी पुढे जाते आणि मराठी मागे राहते.

मागे राहते म्हणजे मुकी राहते, असे नव्हे. प्रमाण दाखविण्यासाठी मराठीने एकच विशेषण सर्वत्र न पाठविता प्रत्येक नामाला त्याचे स्वतःचे विशेषण दिले आहे. पाऊस मुसळधार, थंडी कडाक्याची, ऊन रणरणते, धुके दाट, झोप गाढ, युद्ध तुंबळ, दंड जबर, वाहतुकीची वर्दळ. यांतील पुष्कळ शब्द एकेका नामाशी जवळजवळ लग्न लागल्यासारखे आहेत. ‘रणरणते’ हे उन्हावाचून आणि ‘तुंबळ’ हे लढाईवाचून क्वचितच वावरतात. म्हणजे जेथे इंग्रजीत एका विशेषणाला अनेक नामे आहेत, तेथे मराठीत अनेक विशेषणे एकेका नामाशी बांधलेली आहेत. ‘भारी’ हा शब्द तर तिसऱ्याच दिशेला गेला : भारी साडी म्हणजे उंची आणि महाग साडी, आजच्या तरुणांच्या बोलण्यात ‘भारी’ म्हणजे उत्कृष्ट. ‘हेवी’ने जो सोसण्याचा भाव जपला, तो ‘भारी’ने ‘भारी पडणे’सारख्या प्रयोगांपुरता ठेवून एरवी टाकून दिला.

परिभाषेच्या क्षेत्रात हा पेच अधिक जाणवतो. ‘हेवी इंडस्ट्री’ला ‘अवजड उद्योग’ हा प्रतिशब्द रूढ झाला, तो यथार्थ आहे. यंत्रांचा प्रत्यक्ष जडपणा त्यात आहे. अणुभट्टीत वापरल्या जाणाऱ्या ‘हेवी वॉटर’ला ‘जड पाणी’ म्हणणेही शब्दशः बरोबर आहे, कारण ते साध्या पाण्यापेक्षा सुमारे अकरा टक्के अधिक घन असते. परंतु ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यालाही मराठी माणूस ‘जड पाणी’च म्हणत आला आहे. एका शब्दबंधात दोन वस्तू आल्या, त्या अशा. पावसाच्या बाबतीत याच्या उलट घडले. भारतीय हवामानखात्याच्या परिभाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास तो ‘हेवी’, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटरपर्यंत ‘व्हेरी हेवी’ आणि त्यापलीकडे ‘एक्स्ट्रीमली हेवी’ ठरतो. मराठी सूचनापत्रकांत त्यासाठी ‘मुसळधार’ आणि ‘अतिमुसळधार’ हे शब्द येतात. मुसळाएवढ्या जाड धारांचे चित्र उभे करणारा शब्द येथे मिलिमीटरांच्या मापात बसविला गेला आहे. इंग्रजीचे भाषांतर करताना मराठीने स्वतःचे साहचर्य सोडले नाही, हे योग्यच झाले.

७

या सर्व विवेचनाचा कोशरचनेशी निकटचा संबंध आहे. डॉक्टर जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशापासून शब्दाखाली अर्थांची क्रमवार यादी देण्याची प्रथा दृढ झाली. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला आणि कँडी यांनी १८४७ साली पूर्ण केलेला इंग्रजी–मराठी कोश हे आपल्याकडील या क्षेत्रातील पायाभूत कार्य होय. पण परभाषा लिहिणाऱ्याची गरज या मांडणीने पुरी होत नाही. तो नामापासून निघतो. ‘पाऊस’ त्याच्या मनात आधीच असतो, शोध असतो तो त्याच्या विशेषणाचा. ‘हेवी’ या शब्दाखाली पाहावे, हे त्याला त्या क्षणी कळणार कसे? १९८६ साली बेन्सन पतिपत्नी आणि रॉबर्ट इल्सन यांनी रचलेल्या इंग्रजी शब्दबंधांच्या कोशात आणि २००२ साली निघालेल्या ऑक्सफर्डच्या साहचर्यकोशात हे विशेषण नामाखाली मिळते. ही दिशा बरोबर आहे. मात्र या कोशांत संयोगांची नोंद आहे, उपपत्ती नाही. विद्यार्थ्याला जोडी मिळते, जोडीमागचा विचार मिळत नाही.

मराठी अभ्यासकासाठी होणाऱ्या कोशात दोन्ही बाजू असाव्यात. नामाखाली रूढ विशेषण आणि त्याचा मराठी शब्दबंध द्यावा : ‘रेन’खाली मुसळधार पाऊस, ‘स्लीपर’खाली गाढ झोपणारा, ‘फाइन’खाली जबर दंड. आणि ‘हेवी’ या शब्दाखाली सुट्या प्रतिशब्दांची रास न ओतता तीन कुळे दाखवावीत : प्रत्यक्ष वजनाचे, शरीरमनाला जाणवणाऱ्या जडपणाचे, आणि मोजता येणाऱ्या पण सोसाव्या लागणाऱ्या प्रमाणाचे. पहिल्या दोहोंत मराठी ‘जड’ किंवा ‘अवजड’ बहुधा पुरतो. तिसऱ्यात नामाकडे पाहिल्यावाचून प्रतिशब्द देऊच नये.

‘इंग्रजीत तसे म्हणतात’ या उत्तराने विद्यार्थ्याला परभाषा हा नुसत्या अपवादांचा ढीग वाटू लागतो, आणि स्वतःच्या भाषेतही अशीच व्यवस्था नांदते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. ‘मुसळधार’ आणि ‘रणरणते’ यांची निवड तो रोज बिनचूक करतो. त्या निवडीचे कारण त्याला कोणी विचारलेले नसते, एवढेच. परभाषेतील एका साध्या विशेषणाचा शोध घेता घेता मातृभाषेतील ही अबोल शिस्त दृष्टीस पडावी, हा तौलनिक अभ्यासाचा खरा लाभ होय.